एडिटरमध्ये कडक, गेममध्ये धुरकट: स्प्राइट बिघडतो तेव्हा काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

फॅनगेम, म्हणजे आवडत्या गेमवरून चाहत्यांनी बनवलेला गेम, तो बनवणाऱ्या पोरांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच, "दादा, असेप्राइटमध्ये कॅरेक्टर एक नंबर दिसतंय आणि गेममध्ये टाकलं की वाट लागते." (असेप्राइट म्हणजे पिक्सेल चित्रं काढायचा प्रोग्राम.) आणि विचारायच्या आधी बहुतेकांनी एक काम करून ठेवलेलं असतं, ते म्हणजे स्प्राइट (कॅरेक्टरचं छोटं पिक्सेल चित्र) परत पहिल्यापासून काढायचा. आउटलाइन जाड करतात, रंग भडक करतात, रात्रभर बसतात, परत टाकतात आणि परत तेच. कारण चित्र बऱ्याचदा ठीकच असतं, चित्रापासून स्क्रीनपर्यंत जाताना मधे कुठेतरी पिक्सेल मोडलेला असतो. तो कुठे मोडतोय ते सापडत नाही तोवर पेन्सिल टूलला हात लावायचा नाही, एवढं एक ऐका.

मी इथे पोकेमॉनच्या धर्तीवरचा फॅनगेम, म्हणजे आरपीजी मेकर एक्सपी (गेम बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन) आणि त्यावर पोकेमॉन एसेन्शियल्स (पोकेमॉनसारखा गेम बनवायचा तयार संच) असं धरून लिहितोय, कारण माझ्याकडे येणाऱ्यांचं काम बहुतेक त्यातच असतं. गोडो, युनिटी, गेममेकर या दुसऱ्या इंजिनवाल्यांचं पण मधेमधे येईल, दुखणं सगळीकडे सारखंच आहे, फक्त बटणं वेगळी.

लक्षणं आधी नीट बघा

"खराब दिसतंय" हे लक्षण नाही. यातलं नेमकं कुठलं होतंय ते ठरवा:

– सगळा स्प्राइट धुरकट, दोन रंगांच्या मधे एक तिसराच रंग आलाय.
– धुरकट नाही, पण पिक्सेल एकसारखे नाहीत. एक डोळा जाड, एक बारीक.
– कडेनं पांढरी किंवा मळकट झालर दिसते, गवतावर उभा केला की जास्त.
– उभा असताना ठीक, चालायला लागला की थरथरतो किंवा चमचमतो.
– चालताना एका फ्रेमला (हालचालीतल्या एका चित्राला) उडी मारतो, किंवा शेजारच्या फ्रेमचा बूट कडेला डोकावतो.
– तुमच्याकडे ठीक, मित्राच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर खराब.
– तांत्रिक काहीच नाही, तरी कॅरेक्टर "कळत नाही", पार्श्वभूमीत विरघळून जातं.

आता गेमचा स्क्रीनशॉट काढा, फोननं स्क्रीनचा फोटो नाही, प्रिंटस्क्रीन. पेंटमध्ये टाका, ८०० टक्के झूम करा आणि कॅरेक्टरच्या डोळ्यातला पांढरा ठिपका शोधा. या एका ठिपक्यावरून अर्धं निदान होतं. ठिपका स्वच्छ चौकोन असेल, चारही बाजू सारख्या आणि रंग एकच, तर स्केलिंग ठीक आहे, दुखणं चित्रात किंवा हालचालीत आहे. ठिपक्याभोवती राखाडी वलय असेल तर कुठेतरी फिल्टर (चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग) चालू आहे नाहीतर फाइलच बिघडलीये. आणि वलय नाही पण एका डोळ्याचा ठिपका ५ बाय ६ आणि दुसऱ्याचा ६ बाय ६, तर गेम अपूर्णांकात मोठा होतोय. हे केल्याशिवाय पुढची कुठलीही सेटिंग बदलू नका, कारण एकदा चार सेटिंग एकदम बदलल्या की कशानं बरं झालं आणि कशानं बिघडलं काहीच कळत नाही.

१. फाइल कुठून आली? (फुकट, दोन मिनिटं)

टीम असेल तर पहिला संशय व्हॉट्सॲपवर घ्या. आर्टिस्टनं शीट (सगळ्या फ्रेम एकत्र असलेली फाइल) फोटो म्हणून पाठवली की ती जेपेग होऊन येते, पारदर्शक भाग जातो आणि त्याजागी पांढरा किंवा काळा येतो. मग कोणीतरी मॅजिक वाँडनं पांढरा उडवतं, परत पीएनजी म्हणून सेव्ह करतं आणि म्हणतं फाइल तर पीएनजीच आहे. अरे पण आतला माल जेपेगचा झालाय ना. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून दाबतं आणि रंगाची माहिती बऱ्याचदा निम्म्या रिझोल्यूशनमध्ये ठेवते, म्हणून एक पिक्सेलची लाल रेघ शेजारच्या पिक्सेलांत सांडते. फोटोला हे चालून जातं, ३२ पिक्सेल रुंदीच्या माणसाला नाही चालत.

तपासायचं कसं, तर रंग मोजा. असेप्राइटमध्ये स्प्राइटवरून नवीन पॅलेट (वापरलेल्या रंगांची यादी) बनवायचा पर्याय आहे, लिब्रेस्प्राइट फुकट आहे त्यातही होतं. तुम्ही १५ रंगांत काढलेल्या कॅरेक्टरमध्ये शेकडो रंग निघाले तर उत्तर मिळालं. गेमबॉय ॲडव्हान्सच्या १६ रंगांच्या पॅलेटमध्ये एक जागा पारदर्शकतेला जायची, उरायचे १५. आपल्या इंजिनला अशी काही सक्ती नाही, पण १५ च्या आत राहिलात तर त्या काळच्या गेमसारखं दिसतं आणि वर हा तपास सोपा होतो, हा फायदा कोणी सांगत नाही.

उपाय: मूळ फाइल मागवा, डॉक्युमेंट म्हणून नाहीतर झिप करून. बिघडलेली साफ करत बसू नका, मूळ फाइल खरंच हरवली असेल तरच, आणि तेव्हाही फक्त उभी फ्रेम साफ करा आणि बाकीच्या तिच्यावरून परत बनवा.

२. कडेची झालर (फुकट, पाच मिनिटं)

सगळ्यात खाली एक लेयर टाका आणि त्यात भडक गुलाबी भरा. पांढऱ्या किंवा चौकटीच्या बॅकग्राउंडवर जे लपतं ते गुलाबीवर बोंबलत बाहेर येतं. अर्धपारदर्शक पिक्सेल, आउटलाइनच्या बाहेर सांडलेला राखाडी, खोडताना राहून गेलेला एखादा ठिपका, सगळं.

हे कशामुळे होतं तर मऊ ब्रशमुळे. फोटोशॉप आणि जिंपमध्ये ब्रश वेगळा आणि पेन्सिल वेगळी, ब्रश कडा गुळगुळीत करतो, पेन्सिल करत नाही. पेन्सिल घेतली म्हणून निर्धास्त होतात आणि खोडरबर तसाच राहतो, जिंपच्या खोडरबराला हार्ड एज म्हणून टिक आहे ती लावा. सिलेक्शनला पण अँटीएलायझिंग (कडा मऊ करणं) असतं, तेही बंद. आणि फिरवताना, लहानमोठं करताना इंटरपोलेशन (मधले रंग भरायची पद्धत) नेहमी 'नन' किंवा 'निअरेस्ट'. तलवार ३० अंशात फिरवली आणि तिची लापशी झाली असं सांगणारे सगळे इथे अडकलेले असतात. असेप्राइटमध्ये फिरवण्यासाठी रोटस्प्राइट नावाची पद्धत आहे, ती बरीच बरी, तरी फिरवून झाल्यावर हातानं दोनचार पिक्सेल नीट करावेच लागतात.

आरपीजी मेकर एक्सपीमध्ये आणखी एक गंमत आहे. त्याच्या इम्पोर्टच्या खिडकीत डाव्या क्लिकनं पूर्ण पारदर्शक रंग ठरतो आणि उजव्या क्लिकनं अर्धपारदर्शक. चुकून उजवं क्लिक पडलं की हिरोची कातडी भुतासारखी आरपार दिसते आणि माणूस इकडे फाइलमध्ये शोधत बसतो. त्यापेक्षा पारदर्शक पीएनजी बनवा आणि सरळ ग्राफिक्स फोल्डरच्या कॅरेक्टर्समध्ये टाका, इम्पोर्टच्या वाटेला जायचंच नाही.

३. इंजिनाचा फिल्टर

राखाडी वलय होतं पण फाइल स्वच्छ निघाली, तर दोष इंजिनात. आजची इंजिनं गुळगुळीत चित्रं धरून बनवलेली आहेत, चित्र मोठं करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतात. आपल्याला सरासरी नकोय.

गोडो ४: प्रोजेक्ट सेटिंग्ज, रेंडरिंग, टेक्स्चर्स, तिथे डिफॉल्ट टेक्स्चर फिल्टर लिनियर असतो तो निअरेस्ट करा. गोडो ३ मध्ये हे प्रत्येक चित्राच्या इम्पोर्टमध्ये आहे, फिल्टर काढून रीइम्पोर्ट दाबायला विसरू नका. युनिटी: चित्रावर क्लिक, फिल्टर मोड पॉइंट आणि कॉम्प्रेशन नन. दोन्ही करा, नुसता पॉइंट केला तरी कॉम्प्रेशन रंग खराब करतं. आणि युनिटीत पिक्सेल्स पर युनिट आपोआप १०० असतं, ते तुमच्या टाइलच्या (नकाशाच्या एका चौकोनी तुकड्याच्या) मापाला आणा, १६ ची टाइल तर १६, आणि सगळ्या चित्रांना तेच. गेममेकर: गेम ऑप्शन्समध्ये तुमच्या प्लॅटफॉर्मच्या ग्राफिक्समध्ये रंग इंटरपोलेट करायची टिक आहे, ती काढा.

एसेन्शियल्सच्या नव्या आवृत्त्या एमकेएक्सपी-झेड नावाच्या गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालतात, तिथे गेमच्या फोल्डरमधल्या एमकेएक्सपी डॉट जेसन फाइलमध्ये स्मूथ स्केलिंगची ओळ आहे, ती बंद ठेवा. नोटपॅडमध्ये उघडते, पण आधी कॉपी करून ठेवा, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की गेम सुरूच होत नाही. फोनवर जॉयप्लेमध्ये (असे गेम चालवणारं ॲप) चालवत असाल तर तिथे पण स्मूथ स्केलिंगची सेटिंग आहे, ती बंद करा.

४. किती पट मोठं होतंय? इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

हा भाग सावकाश वाचा, कारण "माझ्याकडे ठीक, त्याच्याकडे खराब" याचं उत्तर नव्वद टक्के, आकडा असाच घ्या, इथेच असतं.

एसेन्शियल्सचा गेम ५१२ बाय ३८४ मध्ये चालतो. निन्टेन्डो डीएसची एक स्क्रीन २५६ बाय १९२, हे बरोबर तिच्या दुप्पट. म्हणजे तुम्ही काढलेला एक खरा पिक्सेल गेममध्ये २ बाय २ चा असतो. आता फुलस्क्रीन करा. जुन्या स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८, आणि ७६८ भागिले ३८४ बरोबर २. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात पण पिक्सेल एकदम आखीव. आता तोच गेम नव्या महागड्या फुल एचडी स्क्रीनवर लावा, १०८० भागिले ३८४ म्हणजे २.८१२५. तुमच्या खऱ्या पिक्सेलला ५.६२५ जागा मिळते. स्क्रीनचा पाऊण पिक्सेल तर पेटवता येत नाही, मग इंजिन कोणाला ५ देतं कोणाला ६, आणि डोळे लहानमोठे होतात. म्हणून बिचाऱ्या जुन्या लॅपटॉपवर गेम देखणा आणि नव्या मॉनिटरवर तिरळा, आणि पोरं ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करत बसतात. आडव्या धरलेल्या फोनची उंची पण बहुतेक १०८० च असते, तिथेही हेच २.८१२५.

उपाय एकच, पूर्ण पट. फुल एचडीवर दुप्पटच ठेवा आणि बाजूला काळं सोडा, इंटिजर स्केलिंगचा पर्याय त्याच जेसन फाइलमध्ये आहे. लोकांना काळे पट्टे आवडत नाहीत हे मला माहितीये, तरी माझं मत पट्टेच बरे. नवीन गेम सुरू करताय आणि इंजिन तुमच्या हातात आहे तर ३२० बाय १८० घ्या, सहापट केलं की बरोबर १९२० बाय १०८०, आणि १३६६ च्या स्क्रीनवर चौपट होऊन १२८० बाय ७२० बसतं, वरखाली २४ आणि बाजूंना ४३ पिक्सेल काळे राहतात, कोणाला कळत पण नाही. गेमबॉय ॲडव्हान्सचंच २४० बाय १६० हवं असा हट्ट असेल तर फुल एचडीवर सहापटीत उंची ९६० होते, तेवढ्यावर थांबा.

खिडकी ओढून मोठी करायची नाही, मॅक्झिमाइजपण नाही, कारण वरची टायटल पट्टी आणि खालचा टास्कबार जागा खातात आणि परत अपूर्णांक येतो.

यातच दुसरा चोर म्हणजे विंडोजचं स्वतःचं स्केलिंग. १५ इंची फुल एचडी लॅपटॉपवर विंडोज बऱ्याचदा १२५ किंवा १५० टक्क्यांवर असतं, अक्षरं बारीक दिसू नयेत म्हणून. जुने प्रोग्राम हे समजून घेत नाहीत, मग विंडोज त्यांची अख्खी खिडकी चित्रासारखी ताणतं आणि धुरकट करतं. गेमच्या एक्झेवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, हाय डीपीआय सेटिंग, तिथे ओव्हरराइड करून ॲप्लिकेशन निवडा. आणि मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर आहे ना हे पण एकदा बघून घ्या, टीव्हीला एचडीएमआय लावून खेळणाऱ्यांनी टीव्हीचा शार्पनेस कमी करून बघा.

५. शीटचं माप

आरपीजी मेकर एक्सपी शीटची रुंदी आणि उंची सरळ चारनं भागतं. १२८ बाय १९२ ची शीट असेल तर ३२ बाय ४८ ची एक फ्रेम, वरून खाली ओळींचा क्रम असा: खाली बघणारा, डावा, उजवा, वर बघणारा. शीट क्रॉप करताना १३० झाली की चारनं भाग जात नाही, कापायची जागा सरकते आणि शेजारच्याचा बूट दिसायला लागतो. माप बघायला फाइलवर माउस नेला तरी पुरतं.

इंजिन कॅरेक्टरला फ्रेमच्या तळाच्या मध्यावर धरतं. म्हणून पायाखाली रिकाम्या ओळी राहिल्या तर माणूस जमिनीवर तरंगतो, आणि एका फ्रेममध्ये दोन ओळी रिकाम्या आणि दुसऱ्यात चार असं असेल तर उडी मारतो. ३२ च्या ग्रिडवर न बघता ३२ बाय ४८ ची ग्रिड लावून बघा, सोळाच्या सोळा फ्रेममध्ये टेकलेला पाय एकाच रेषेवर हवा.

युनिटी, गोडोत एका मोठ्या शीटवरून फ्रेम कापत असाल आणि कडेला एक बारीक रेघ चमकत असेल तर दोन फ्रेमच्या मधे एक-दोन पिक्सेल जागा सोडा. चिकटून ठेवलेल्या फ्रेम एकमेकींचे रंग उचलतात.

६. मिश्र पिक्सेल

आता थोडं कष्टाचं. वर म्हटलं तसं एसेन्शियल्समध्ये सगळी चित्रं दुप्पट केलेली असतात. कोणी थेट ३२ बाय ४८ मध्ये काढायला बसतं आणि डोळ्यात, पट्ट्यात, केसांत एक-एक पिक्सेलची नक्षी करतं. सुटं बघितलं तर छान दिसतं. गेममध्ये मागची झाडं, घरं सगळी २ बाय २ च्या ठोकळ्यांची आणि याचा चेहरा अर्ध्या ठोकळ्यांचा, मग कॅरेक्टर दुसऱ्याच गेममधून आल्यासारखं वाटतं. लोक याला पण "धुरकट" म्हणतात, वलय नसतानाही.

परीक्षा अशी: शीटची कॉपी घ्या, निअरेस्टनं ५० टक्के लहान करा, मग निअरेस्टनंच २०० टक्के मोठी करा आणि मूळ शीटवर ठेवून लेयर चालू-बंद करा. काहीच हललं नाही तर शीट स्वच्छ. कुठे काही बदललं तर तिथे एक तर अर्धा पिक्सेल आहे किंवा तो तुकडा एक घर सरकलाय. सरकलेला असेल तर सोपं, एक पिक्सेल ढकला. नक्षी असेल तर ती काढावी लागेल, रडून उपयोग नाही.

पुढच्या वेळेपासून ६४ बाय ९६ च्या शीटवर, म्हणजे १६ बाय २४ च्या फ्रेममध्ये काढा आणि एक्सपोर्ट करताना २०० टक्के. काम पण निम्मं होतं.

७. चालताना थरथर

स्क्रीनशॉटमध्ये सगळं ठीक, हलताना खराब, तर दोन शक्यता. पहिली तुमच्या फ्रेममध्ये. पाऊल टाकलेल्या फ्रेमला डोकं एक खरा पिक्सेल खाली जातं, हे डाव्या पावलाला केलं आणि उजव्याला विसरलं की माणूस लंगडतो. समोरून चालताना बरेच जण डाव्या पावलाची फ्रेम आरशासारखी उलटी करून उजवी बनवतात, ते चालतं, पण कॅरेक्टर १५ पिक्सेल रुंद आणि चौकट १६ ची असेल तर उलटं केल्यावर अख्खा माणूस एक पिक्सेल सरकतो. रुंदी सम ठेवा नाहीतर उलटवल्यावर हातानं मागे ढकला.

गोडोत विषम मापाचा स्प्राइट सेंटर्ड ठेवला की त्याची जागा अर्ध्या पिक्सेलवर येते, सेंटर्ड बंद करा किंवा ऑफसेट द्या. तिथेच रेंडरिंगच्या टूडीमध्ये ट्रान्सफॉर्म पिक्सेलला चिकटवायची सेटिंग आहे ती लावून बघा. कॅमेऱ्याचं स्मूदिंग एकदा बंद करून बघा, थरथर गेली तर चोर तोच.

दुसरी शक्यता रंगकामात. आमच्या एका फॅनगेममध्ये किनाऱ्यावरच्या गावात नऊवारीतली एक मावशी होती, सोळा पिक्सेल रुंदीत काष्टा दिसायला हवा म्हणून आर्टिस्टनं काठ एक पिक्सेलची तिरपी रेघ केला होता आणि साडीच्या अंगावर बुट्ट्यांसाठी बुद्धिबळासारखं एकाआड एक पिक्सेल भरलं होतं. उभी असताना सुंदर. चालायला लागली की साडी पाण्यासारखी चमचमायची. एकाआड एक पिक्सेल म्हणजे डिदरिंग, ते स्थिर पार्श्वभूमीला ठीक, हलणाऱ्या अंगावर प्रत्येक फ्रेमला काळ्याची जागा पांढरा घेतो. बुट्टे काढून तीन सपाट छटा ठेवल्या, काठ दोन पिक्सेल जाड केला आणि सगळ्या फ्रेममध्ये काठाचे वळायचे पिक्सेल त्याच जागी ठेवले, साडी शांत झाली. मागून काष्टा दाखवायला मधे एकच गडद उभी रेघ पुरली, बाकी बघणाऱ्याचं डोकं भरून काढतं.

८. चित्रच कळत नाही

इथपर्यंत सगळं पास झालं तरच पेन्सिल उचला. कॅरेक्टर पूर्ण काळ्या रंगानं भरून बघा, कोण आहे ते नुसत्या आकारावरून कळतंय का? टोपी, केस, पिशवी यातलं एक तरी आकाराच्या बाहेर यायला हवं. मग चित्र काळंपांढरं करून बघा, शर्ट आणि कातडी एकाच राखाडीत गेली तर रंग कितीही वेगळे असले तरी लांबून चिखलच दिसणार. हे दोन्ही तुमच्या खऱ्या गवताच्या टाइलवर ठेवून बघायचं, रिकाम्या कॅनव्हासवर नाही. हिरवा शर्ट घातलेला हिरो गवतात हरवतो यात इंजिनाचा काय दोष.

छटांच्या बाबतीत, बाहेरून आत सगळीकडून उजळत जाणारं काम टाळा, त्यानं माणूस उशीसारखा फुगलेला दिसतो. उजेड एका बाजूनं, वरून डावीकडून म्हणा, आणि सगळ्या कॅरेक्टरना तोच. रंगांचा हिशोब मी असा सांगतो: कातडी ३, केस ३, शर्ट ३, पँट ३, बूट २, आउटलाइन १, झाले १५. डोळ्याचा पांढरा हवा असेल तर कुठूनतरी एक वाचवा, पँटचे दोन केले तर कोणी ओरडत नाही.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

एक परीक्षा फाइल करून ठेवा. १२८ बाय १९२ ची शीट, सगळी २ बाय २ च्या काळ्यापांढऱ्या ठोकळ्यांनी भरलेली, हिरोच्या जागी लावायची. ती पण धुरकट किंवा वेडीवाकडी दिसली तर चित्राचा प्रश्नच मिटला, दोष इंजिनात किंवा सेटिंगमध्ये. ती उभी असताना स्वच्छ आणि चालताना तिचे ठोकळे लहानमोठे होत असतील, आणि ३, ४, ७ मधलं सगळं तपासून झालंय, तर कॅमेऱ्याच्या किंवा हालचालीच्या कोडमध्ये गडबड आहे. बऱ्याचदा रिझोल्यूशन बदलणारा किंवा कॅमेरा गुळगुळीत करणारा एखादा प्लगइन नंतर टाकलेला असतो. तो काढून बघा. तरी राहिलं आणि तुम्ही रुबीला (या स्क्रिप्ट्स ज्या भाषेत असतात तिला) कधी हात लावलेला नाही, तर इथे थांबा. स्क्रिप्ट एडिटरमध्ये अंदाजानं आकडे बदलून बघणं बंद. डेटा फोल्डरमधली स्क्रिप्ट्सची फाइल कॉपी करून ठेवा आणि प्रोग्रामर शोधा. त्याला इंजिनाची आवृत्ती, प्लगइनची यादी, स्क्रीनचं रिझोल्यूशन, विंडोजचं स्केलिंग किती टक्के, ही परीक्षा शीट आणि न कापलेला स्क्रीनशॉट द्या. एवढं दिलं की तो बिचारा पहिल्या दिवशीच कामाला लागतो, नाहीतर आठवडा विचारण्यातच जातो.

इतर गेम पण त्या स्क्रीनवर तसेच दिसत असतील तर प्रश्न गेमचा नाहीच, मॉनिटर किंवा केबल दुसरीकडे लावून बघा आणि दुकानात न्या.

परीक्षा शीट उभी-चालती दोन्हीत स्वच्छ, पण तुमचं कॅरेक्टर दोनतीन वेळा नव्यानं काढूनही कळत नाही, तर आर्टिस्टला पैसे देऊन करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त आधीच स्पष्ट सांगा की हा फॅनगेम आहे, काही जण दुसऱ्याच्या कॅरेक्टरवर काम घेत नाहीत. मूळ कॅरेक्टरचे हक्क कंपनीचेच राहतात, २०१६ मध्ये पोकेमॉन युरेनियम नावाच्या मोठ्या फॅनगेमच्या डाउनलोड लिंक कायदेशीर नोटिसांमुळे काढाव्या लागल्या होत्या. म्हणून गेमसाठी खेळणाऱ्यांकडून पैसे घ्यायचा विचार मनात आला असेल तर आधी वकिलाला विचारा, मला नाही.

आर्टिस्टला सांगताना फ्रेमचं माप १६ बाय २४, एक्सपोर्ट २०० टक्के, तुमची पॅलेट फाइल आणि एक गवताची टाइल द्या. आणि सोळा फ्रेमचं काम एकदम देऊ नका. आधी खाली बघणारी एक उभी फ्रेम घ्या, शीटमध्ये टाका, गेममध्ये उभी करा, स्क्रीनशॉट काढून तो डोळ्यातला ठिपका बघा, मग उरलेल्या पंधरांचं बोला.